पीएचडीची जागा: आधी गाइड, मग जाहिरात

नेट, म्हणजे कॉलेजात शिकवायला आणि पीएचडीला लागणारी पात्रता परीक्षा, क्लिअर झाली की घरचे विचारतात, 'मग पीएचडीला कधी लागतोयस?' नेट हा पात्रतेचा कागद झाला. जागा असते गाइडकडे, म्हणजे मार्गदर्शक प्राध्यापकाकडे, आणि ती मोजून मिळते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२च्या नियमांनुसार प्रोफेसरकडे एका वेळी ८, असोसिएट प्रोफेसरकडे ६ आणि असिस्टंट प्रोफेसरकडे ४ विद्यार्थी, बस्स. निवृत्तीला ३ वर्षांहून कमी काळ उरलेल्यांना नवीन विद्यार्थी घेता येत नाहीत. त्यामुळे जाहिरातीची वाट न बघता आपल्या विषयातल्या गाइडची यादी आधीच करायची. कोणाकडची जागा रिकामी होणार, कोणाच्या विद्यार्थ्याचा व्हायव्हा (प्रबंधाची तोंडी परीक्षा) जवळ आलाय, हे वेबसाइटवर सापडत नाही. डिपार्टमेंटच्या कँटीनमध्ये मात्र सगळ्यांना ठाऊक असतं. तिथे जाऊन सीनियर विद्यार्थ्यांना विचारा. सर कसे आहेत, हेही तेच सांगतील.

माहिती मिळण्याचं दुसरं ठिकाण शोधगंगा, भारतातल्या पीएचडी प्रबंधांचं ऑनलाइन भांडार. तिथे प्रबंधासोबत गाइडचं नाव असतं. गेल्या काही वर्षांत त्यांच्या हाताखाली कोणत्या विषयांवर प्रबंध झाले, ते बघा आणि मगच मेल टाका. 'रिस्पेक्टेड सर, आय ॲम इंटरेस्टेड इन युवर एस्टीम्ड लॅब' असा एकच मजकूर वीस जणांना पाठवला तर उत्तर येत नाही, आणि येऊही नये. त्यांचा एक पेपर वाचून त्यावर दोन ओळी, आपल्या डिझर्टेशनवर दोन ओळी, सोबत सीव्ही. पुरे.

२०२४पासून नेटचे गुण पीएचडी प्रवेशालाही धरतात: जेआरएफ (नेटमध्ये वरचे गुण मिळवणाऱ्यांची संशोधन फेलोशिप) नसेल तर नेटला ७० टक्के, मुलाखतीला ३०. हे गुण एकच वर्ष चालतात, तेव्हा वेळ काढू नका.

जेआरएफ नाही मिळाली तर संशोधन प्रोजेक्टमधल्या जागा बघा. माझ्या मते नवख्यांनी इथूनच सुरुवात करावी, कारण लॅब आतून कळते. पुण्यात पाषाणला एनसीएल (रसायनशास्त्र) आणि आयसर (विज्ञान शिक्षण-संशोधन), विद्यापीठाच्या आवारात आयुका आणि एनसीआरए (खगोलशास्त्र), एनसीसीएस (पेशीविज्ञान). या संस्थांच्या वेबसाइट आठवड्यातून एकदा चाळायच्या. जानेवारी २०२३पासून जेआरएफला महिना ३७,००० आणि एसआरएफला (तिच्या पुढच्या टप्प्याला) ४२,००० रुपये, वर घरभाडं. प्रोजेक्टमध्ये नेट किंवा गेट (तशीच दुसरी राष्ट्रीय परीक्षा) नसेल तर कमी मिळतात. जाहिरातीत 'पद पूर्णतः तात्पुरते' असतंच, त्याने दचकू नका.

वॉक-इनला, म्हणजे थेट मुलाखतीला, सकाळी नोंदणी, मूळ कागदपत्रांची तपासणी, मग व्हरांड्यात दुपारपर्यंत बसणं. डबा न्या. आत गेल्यावर पुस्तकी प्रश्न फार नसतात. डिझर्टेशन उघडून एखाद्या ग्राफवर बोट ठेवतात: 'हा बिंदू रेषेपासून लांब का?' मला हाच प्रश्न आला होता. डिझर्टेशन स्वतः केलेलं असेल तर उत्तर सुचतंच.

बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप बहुधा पीएचडीची नोंदणी झाल्यावरच्या. पैसे पगारासारखे दर एक तारखेला येतील असं धरून खोली मात्र घेऊ नका.

प्रोजेक्टवर रुजू होण्याआधी दोनच गोष्टी विचारा: प्रोजेक्टचे किती महिने उरलेत, आणि याच कामावर पीएचडीची नोंदणी करू देणार का? दुसऱ्या प्रश्नाला 'बघू नंतर' असं उत्तर आलं, तर नोकरी घ्या, पण बाकीचे अर्ज चालू ठेवा.