जुन्या कॉलेज बास्केटबॉलपटूचं आयुष्य कागदपत्रांतून कसं शोधावं

1895 ते 1920 च्या दरम्यान अमेरिकेतल्या कॉलेजकडून खेळलेल्या कुणाचा माग काढायचा असेल, तर गुणांच्या मागे लागण्याआधी माणूस पक्का करा. सामन्याच्या बातमीत बहुधा नुसतं आडनाव असतं, आणि एकाच संघात दोन सख्खे भाऊ असले की घोळ ठरलेलाच. पूर्ण नाव आणि गाव कॉलेजच्या विद्यार्थी-यादीत मिळतं. वार्षिकांकावरच्या सालावर मात्र विसंबू नका. बऱ्याच कॉलेजांत तो तिसऱ्या वर्षाची मुलं काढत आणि वर स्वतःच्या पदवीचं साल टाकत. त्यामुळे 1909 च्या अंकात 1907-08 चा हंगाम निघू शकतो.

मग वर्तमानपत्रं. लायब्ररी ऑफ काँग्रेसचा 'क्रॉनिकलिंग अमेरिका' हा संग्रह फुकट आहे. त्या काळी खेळाचं नाव इंग्रजीत दोन सुटे शब्द म्हणून छापत, तेव्हा तोडून आणि जोडून, दोन्ही तऱ्हांनी शोधा. जुनी छपाई संगणकाला नीट वाचता येत नाही. नाव सापडलं नाही तर प्रतिस्पर्धी कॉलेजच्या नावाने शोधा, आणि सामन्यानंतरच्या तीन-चार दिवसांची पानं स्वतः चाळा.

गुणफलक हाती आला की त्या वर्षीचे नियम शेजारी ठेवा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. 9 फेब्रुवारी 1895 ला हॅमलाइन विद्यापीठाचा सामना 9-3 असा संपला, तोही एका बाजूला नऊ खेळाडू घेऊन. 18 जानेवारी 1896 ला शिकागो विद्यापीठाने आयोवा विद्यापीठाला 15-12 ने हरवलं, तेव्हा पाच-पाच जण होते. शिवाय 1920 च्या दशकापर्यंत संघाचे सगळे फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारे मोकळे फेक) एकच खेळाडू मारू शकत असे. समजा, एकाच्या नावावर 12 गुण आहेत आणि त्यातले 8 फ्री थ्रोचे. फाउल सोसले इतरांनी, गुण लागले याच्या खात्यात. म्हणून मैदानी गोल, म्हणजे चालू खेळात टाकलेले, वेगळे मोजा.

मैदानाबाहेरच्या आयुष्यासाठी 1900 ची जनगणना उत्तम, तिच्यात जन्माचा महिना आणि वर्ष दोन्ही आहेत. 1890 ची जवळजवळ सगळी नष्ट झाली आहे. 5 जून 1917 च्या सैन्यनोंदणी कार्डावर (वय 21 ते 30) नोकरी मिळते, आणि माणूस उंच, मध्यम की बुटका हेही. सेंटरला, म्हणजे सहसा सगळ्यात उंच गड्याच्या जागी, खेळणारा कार्डावर बुटका निघाला, तर कार्ड बहुधा दुसऱ्याच कुणाचं आहे.

मृत्युलेख शेवटी वाचा. त्यातलं कप्तानपद वार्षिकांकात सापडल्याशिवाय लिहू नका.