फायलो वाचायला बसताना

ग्रीक तत्त्वज्ञानाचा प्राचीन ज्यू भाष्यकारांवर काय परिणाम झाला, हा विषय घेणाऱ्यांना मी एवढंच सांगते: परिणामावरचे जाडजूड ग्रंथ तूर्त कपाटात राहू द्या. अलेक्झांड्रियाचा ज्यू तत्त्वज्ञ फायलो याचं (इ.स.पू. सुमारे २० ते इ.स. सुमारे ५०) प्राथमिक विद्यांवरचं पुस्तक घ्या आणि शेजारी बायबलमधल्या 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकाचा १६वा अध्याय उघडून ठेवा.

त्या अध्यायातली गोष्ट घरगुती आहे. साराला मूल होत नाही, म्हणून ती आपली मिसरी दासी हागार नवऱ्याला, अब्राहामाला देते. हागारला दिवस जातात आणि ती मालकिणीला जुमानेनाशी होते. हे धर्मग्रंथात कशाला, असं शिकल्यासवरल्या वाचकाला वाटणारच. फायलो म्हणतो, सारा म्हणजे सद्गुण आणि हागार म्हणजे व्याकरण, भूमिती, संगीत अशा शाळेतल्या विद्या. पुढे तो स्वतःचंच सांगतो. तरुणपणी तत्त्वज्ञानाची ओढ लागली, तेव्हा आधी व्याकरण या दासीशी संग केला आणि त्यातून जे निपजलं ते मालकिणीला वाहिलं. मग भूमिती, मग संगीत. काही जण मात्र दासींच्याच नादी लागून कवितेत नाहीतर भूमितीच्या आकृत्यांत म्हातारे झाले, असा टोमणाही मारतो. (पीएचडी रखडलेल्यांनी हे पान जपून वाचावं.)

ग्रीकांत बायोन या तत्त्वज्ञाच्या नावावर एक वचन सांगतात: तत्त्वज्ञान साधत नाही म्हणून इतर विद्यांत रमणारे लोक म्हणजे होमरच्या महाकाव्यातली ओडिसियसची बायको पेनेलोपी मिळेना म्हणून तिच्या दासींशी सूत जमवणारे, तिच्याशी लग्न करू पाहणारे उमेदवार. फायलोने हाच साचा साराच्या घरात आणून बसवला, पण जसाच्या तसा नाही. ग्रीक वचनात दासी म्हणजे घसरण, फायलोकडे ती चढायची पायरी. प्रभाव शोधायचा तो अशा फरकांत.

फायलो पहिला नव्हे. त्याच्या आधी इ.स.पू. दुसऱ्या शतकात अरिस्टोब्युलस या ज्यू भाष्यकाराने देवाचा 'हात' म्हणजे देवाचं सामर्थ्य, असा अर्थ लावला होता. पण त्याचे त्रोटक उतारेच उरलेत, ते नंतर पाहा.

भाषा म्हणाल तर आधी ग्रीक. फायलो भाष्य करतो ते तोराच्या, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांच्या, ग्रीक अनुवादावर, सेप्टुअजिंटवर. त्याला हिब्रू फारसं येत नसावं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. अभिजात ग्रंथांच्या लोएब मालिकेत ग्रीक आणि इंग्रजी समोरासमोर असतं. वाक्यं लांबलचक आहेत, दिवसाला एक पान झालं तरी पुष्कळ. काही ग्रंथ आर्मेनियन अनुवादातच टिकलेत, त्यांची धास्ती पहिल्या वर्षी घेऊ नका.

यानंतर अब्राहामाच्या स्थलांतरावरचं पुस्तक घ्या. आतला अर्थ कळला की शब्बाथ (आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस) आणि सुंता कशाला पाळायची, असं म्हणणाऱ्या ज्यूंना तिथे फायलो फटकारतो. नियमाचा शब्द म्हणजे शरीर, अर्थ म्हणजे आत्मा. आत्म्याचं घर म्हणून शरीराची काळजी घ्यायलाच हवी. शिवाय नियम पाळले की लोकही नावं ठेवत नाहीत, असं तो व्यवहारी माणसासारखं जोडतो. म्हणजे शब्दशः आचरणाची बाजू घेतानाही युक्तिवाद प्लेटोच्या वळणाचाच. सेमिनारमध्ये 'फायलो ज्यू की ग्रीक?' असा वाद पेटला की मी हेच पान पुढे सरकवते.