मोठ्या संख्येचे गुणधर्म कसे काढावेत? उदाहरण १,२३,४५,६७८

मोठी संख्या हाती आली की आधी तिचे मूळ अवयव पाडा. विभाजक किती, त्यांची बेरीज किती, संख्या कोणत्या गटात बसते, हे बहुतेक तिथूनच निघतं. तिथे चुकलात तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

१,२३,४५,६७८ घेऊ. संख्या सम आहे, पण शेवटच्या ७८ ला ४ ने भाग जात नाही. म्हणजे २ एकदाच. उरले ६१,७२,८३९. त्याच्या अंकांची बेरीज ३६, म्हणजे ९ ने भाग जातो. ९ ने भागून ६,८५,८७१ उरतात. त्याच्या अंकांची बेरीज ३५, म्हणून ३ चं काम संपलं. ५ चा प्रश्नच नाही.

७, ११ आणि १३ एकाच फटक्यात तपासता येतात, कारण ७ × ११ × १३ = १००१. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा आणि आलटून पालटून अधिक-वजा करा: ८७१ − ६८५ = १८६. १८६ ला या तिघांपैकी एकानेही नि:शेष भाग जात नाही, तेव्हा ६,८५,८७१ लाही जात नाही. ही युक्ती फार वेळ वाचवते. पुढे १७ पासून एकेक मूळ संख्या लावत गेलं की ४७ ने भाग जातो आणि १४,५९३ उरतात.

इथे दोन चुका हमखास होतात. सुरुवातीच्या संख्येचं वर्गमूळ सुमारे ३५१३, म्हणून लोक तिथपर्यंत भागत बसतात. खरं तर मर्यादा उरलेल्या संख्येच्या वर्गमूळाची: १४,५९३ चं वर्गमूळ १२० च्या थोडं पुढे, म्हणून ११३ पर्यंत तपासणं पुरे. दुसरी चूक म्हणजे ४७ पुन्हा न लावणं. तो दोनदाही येऊ शकला असता. इथे बाकी २३ उरते. ११३ पर्यंत कशानेच भाग जात नाही, म्हणजे १४,५९३ मूळ संख्या.

१,२३,४५,६७८ = २ × ३² × ४७ × १४,५९३

प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणा: २ × ३ × २ × २ = २४ विभाजक. विभाजकांची बेरीज ३ × १३ × ४८ × १४,५९४ = २,७३,१९,९६८. (प्रत्येक अवयवासाठी १ पासून त्याच्या घातापर्यंतची बेरीज घ्यायची: २ साठी १ + २ = ३, ४७ साठी १ + ४७ = ४८. ३² साठी १ + ३ + ९ = १३; इथे ३ + १ = ४ वापरू नका.) त्यातून संख्या वजा केली की १,४९,७४,२९० उरतात, म्हणजे दिलेल्या संख्येपेक्षा जास्त. म्हणून ही विपुल संख्या. ३ चा वर्ग अवयवांत असल्यामुळे ती वर्गमुक्त नाही, आणि शेवटी ८ असल्यामुळे पूर्ण वर्गही नाही. ४७ ला ४ ने भागल्यावर बाकी ३ उरते आणि त्याचा घातांक विषम आहे, म्हणून ती दोन वर्गांची बेरीजही होऊ शकत नाही.

गणितज्ञ द. रा. कापरेकरांची हर्षद संख्या ठरायला अंकांच्या बेरजेने, म्हणजे ३६ ने, भाग जायला हवा. ९ ने जातो, ४ ने नाही. तेव्हा हर्षद नाही.

संख्या १५ अंकांपुढे गेली तर एक्सेलवर विसंबू नका, पुढचे अंक तो शून्य करून टाकतो. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत पूर्णांक अचूक राहतात, पण भागाकाराला // वापरा, / नको.