कचऱ्याच्या डब्याच्या झाकणावर वजन किती ठेवायचं?

रात्री गेटबाहेरचा ओल्या कचऱ्याचा डबा कुत्री उघडतात, म्हणून आम्ही कोथरूडला झाकणावर वीट ठेवायचो. झाकण मधोमध खचलं आणि त्या खळग्यात पावसाचं पाणी साचून डासांच्या अळ्या वळवळायला लागल्या!

आता असं करते:

१. १ लिटरच्या बाटल्या पाण्याने भरा. एक बाटली म्हणजे साधारण १ किलो.
२. झाकणावर एकेक आडवी ठेवा. मध्ये नाही, कडेला. तिथे खालून डब्याच्या काठाचा आधार असतो.
३. झाकण जरा वाकलं की एक काढा. उरलेल्या बाटल्या सुतळीने हँडलला बांधा.

आमच्या डब्याला दोन पुरल्या. उन्हाने प्लास्टिक मऊ पडतं, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये दुपारी पुन्हा तपासा. आणि झाकणावर कुणीही उभं राहू नका, मुलांना तर अजिबात चढू देऊ नका.