कॉपी-पेस्ट झालेला कोड आधी शोधा, मग ठरवा

एकच व्हॅलिडेशन (माहिती बरोबर आहे का हे तपासणारा कोड) चार फायलींत असेल, तर बग एका ठिकाणी दुरुस्त होतो आणि तीन ठिकाणी तसाच राहतो. डुप्लिकेट कोडचा खरा त्रास हाच. ओळी वाढतात हा नव्हे.

नुसत्या नजरेने हे सापडत नाही. जावासाठी पीएमडी या कोड तपासणाऱ्या टूलसोबत येणारं सीपीडी (कॉपी-पेस्ट डिटेक्टर) वापरा. ते ओळी नाही, टोकन (कोडमधले सुटे शब्द आणि चिन्हं) जुळवतं, त्यामुळे स्पेसिंग किंवा कॉमेंट बदलल्या तरी फसत नाही. व्हेरिएबलची नावं बदलून चिकटवलेला कोड पकडायचा असेल, तर आयडेंटिफायर (म्हणजे ही नावं) दुर्लक्षित करण्याचा पर्याय चालू करा. पहिल्या वेळी किमान टोकनची मर्यादा (सलग किती टोकन जुळले तर डुप्लिकेट धरायचं) 100 ठेवा. 30 ठेवलीत तर गेटर-सेटरचा (व्हॅल्यू वाचणाऱ्या-बदलणाऱ्या छोट्या फंक्शनचा) ढीग समोर येईल आणि टीम रिपोर्ट उघडणंच सोडून देईल. टूलने आपोआप जनरेट केलेला कोड आधीच वगळा. जावास्क्रिप्टच्या प्रोजेक्टला जेएससीपीडी हे तसंच टूल चांगलं.

आता महत्त्वाचं: सापडलेलं सगळं एकत्र करू नका. प्रत्येक जोडीला एकच प्रश्न विचारा, उद्या नियम बदलला तर दोन्हीकडे बदलावं लागेल का? जीएसटीचा हिशोब बिलात आणि परताव्यात सारखाच असेल, तर होय, एक फंक्शन करा. ग्राहक आणि पुरवठादार यांचे फॉर्म आज योगायोगाने सारखे दिसत असतील, तर वेगळेच राहू द्या. नाहीतर त्या सामायिक फंक्शनमध्ये ट्रू-फॉल्सचे पॅरामीटर वाढत जातात, आणि ते वाचणं मूळ डुप्लिकेटपेक्षा अवघड होतं.

डुप्लिकेट काढण्यापूर्वी दोन्ही जागांसाठी टेस्ट मात्र लिहाच. प्रती बहुतेकदा कुठेतरी किंचित वेगळ्या झालेल्या असतात.