नागपुरात मास्टरिंगची छोटी खोली चालवायची असेल तर

मास्टरिंग म्हणजे मिक्स होऊन आलेल्या गाण्यावर बाहेर जाण्याआधी फिरवायचा शेवटचा हात. सगळ्यात आधी एक ठरवा: तुमच्या खोलीत माइक असणार की नाही. माझ्याकडे नाही. व्होकल बूथ नाही, गायकाला उभं राहायला जागा नाही, आणि हे मुद्दाम आहे. मास्टरिंगचं काम थेट गायकाकडून फार थोडं येतं. ते येतं रेकॉर्डिंग स्टुडिओवाल्या भाऊंकडून, आणि गाणं बाहेर पाठवताना त्यांना एकच धास्ती असते, की पुढच्या वेळी हा गायक परस्पर तिकडेच जाईल. माइकच नसला की ती धास्ती उरत नाही. मिक्सही, म्हणजे वेगवेगळे ट्रॅक जुळवून एक गाणं करणं, मी करत नाही. ज्याने एक गाणं आठवडाभर वाजवून वाजवून घासलंय त्याला त्यातला खरखरीत 'स' ऐकू येत नाही, आणि माझ्या कानांचे पैसे त्यासाठीच मिळतात.

आता खोली. पन्नास हजार हातात असतील तर त्यातले निम्मे भिंतींवर घाला, स्पीकर त्यानंतर. चौरस खोली घेऊ नका. समोरासमोरच्या भिंतींमध्ये बासचे ठरावीक सूर अडकून फुगतात, आणि चौरस खोलीत दोन्ही बाजूंचे सूर एकावर एक बसतात. हिशेब सोपा आहे: आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, त्याला खोलीच्या लांबीच्या (फुटांचे मीटर करून) दुपटीने भागा, रुंदी-उंचीचंही तसंच. माझी खोली १४ बाय ११ फूट, उंची १०. उत्तरं येतात साधारण ४०, ५१ आणि ५६ हर्ट्झ. शेवटचे दोन एकमेकांना खेटून आहेत आणि नेमका तिथेच डीजेच्या किकचा (मोठ्या ड्रमच्या ठोक्याचा) दणका असतो. म्हणून माझे आवाज शोषणारे सगळ्यात जाड पॅनल कोपऱ्यांत आणि छताला आहेत.

पॅनल सुताराकडून करून घ्या: लाकडी चौकट, आत घनमीटरला ४८ किलो घनतेचा चार इंची रॉकवूल, वरून हवा आरपार जाईल असं कापड. फुंकर मारून बघा, पलीकडे लागली तर कापड चालेल. रॉकवूल भरताना मास्क आणि हातमोजे घाला, नाहीतर दोन दिवस खाजवत बसाल. अंड्याचे ट्रे आणि टोकदार फोम बासला काहीच करत नाहीत, फोटो मात्र छान येतात. बसायची जागा समोरच्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्क्यांवर धरून सुरुवात करा, माझ्या खोलीत ती सव्वापाच फुटांच्या आसपास येते. मग तिथे कुठला सूर किती मोठा येतो ते मोजा. आरईडब्ल्यू नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, मोजायचा माइक तेवढा घ्यावा लागतो (हा एक माइक खोलीत चालतो!). आलेखात खोल खड्डा दिसला तर तो ईक्यूने (ठरावीक सूर कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) भरायला जाऊ नका. खुर्ची अर्धा फूट पुढे-मागे करा, स्पीकर हलवा, पुन्हा मोजा. या सरकवासरकवीत एखादा रविवार गेला तरी जाऊ द्या.

मुंबई-पुण्याच्या लोकांचे सल्ले इथून पुढे कामाचे नाहीत. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि घरोघरी कूलर लागतात. कूलर लावून मास्टरिंग होत नाही. त्याचा पंखा खालच्या पट्टीत घोंघावतो, पंप टपटपतो, आणि त्याखाली गाण्याचा फेड आउट कुठे संपला, रिव्हर्बची (घुमणाऱ्या आवाजाची) शेपटी मध्येच तुटली का, हे कळत नाही. शिवाय यंत्रांना ती दमट हवा सोसत नाही. वरच्या मजल्याची खोली स्वस्त मिळेल, घेऊ नका. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरापर्यंत खाली उष्णता सोडत राहतो. तळमजला घ्या, इन्व्हर्टर एसी लावा, आणि त्याचं बाहेरचं युनिट शक्यतो दुसऱ्याच भिंतीवर, खाली रबर घालून बसवा. उन्हाळ्यात माझं ऐकायचं काम सकाळी सहा ते दहा, एसी बंद करून. दुपारी फायली बाहेर काढणं, नावं लावणं, बिलं.

वीजवाल्याकडून अर्थिंग तपासून घ्या. स्पीकरमधून बारीक गुणगुण येत असेल तर ती बहुतेक वेळा ५० हर्ट्झची आणि तिच्या पटींची असते, आणि उगम तारांमध्ये असतो. प्लगची तिसरी पिन तोडून ती घालवायचा सल्ला कोणी दिला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. सगळी यंत्रं एकाच बोर्डावर घ्या, कॉम्प्युटर शेजारच्या खोलीत ठेवा आणि मध्ये ऑनलाइन यूपीएस (सतत बॅटरीमार्गे वीज देणारा) लावा.

यंत्रांवर मी फार लिहिणार नाही. स्पीकरची एक बरी जोडी, एक इंटरफेस (कॉम्प्युटर आणि स्पीकर जोडणारा डबा), एक उघड्या पाठीचा हेडफोन. गाणं उघडून काम करायला रीपर हे सॉफ्टवेअर चालतं, आवाजाचा मोठेपणा मोजायला यूलीन लाउडनेस मीटरची फुकट आवृत्ती पुरते. लिमिटर (आवाजाची टोकं दाबून धरणारा) आणि ईक्यू एकेकच घ्या आणि ते पाठ होईपर्यंत दुसऱ्याकडे बघू नका.

फाइल मागवताना लेखी सांगा: २४ बिट वॅव्ह, ज्या सॅम्पल रेटवर (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) रेकॉर्डिंग केलं त्याच रेटची, शेवटच्या मास्टर चॅनलवर लिमिटर नको, लिंक गूगल ड्राइव्हची. 'पीक (आवाजाचं सगळ्यात उंच टोक) उणे सहा डेसिबलवर ठेवा' हा मंत्र सगळेच सांगतात. लाल दिवा लागत नसेल तर उणे तीननेही काही बिघडत नाही. आलेलं गाणं पहिल्यांदा काहीही न लावता शेवटपर्यंत ऐका आणि कागदावर मिनिट-सेकंद टिपत जा.

हे कसं चालतं ते खंजिरीच्या भजनावर सांगते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं म्हणणारी मंडळं विदर्भात गावोगाव आहेत आणि आता सगळ्यांना गाणं यूट्यूबवर हवं असतं. खंजिरीची थाप आवाजाच्या पातळीपेक्षा सहज आठ-दहा डीबी (डेसिबल) वर उडी मारते. मीटर म्हणतं गाणं भरलंय, कानाला बुवांचा आवाज लांबून आल्यासारखा वाटतो. अशावेळी लिमिटर दाबला की प्रत्येक थापेला तो सगळं गाणं खाली ओढतो आणि बुवांची ओळ गचके खात ऐकू येते. याचा इलाज मास्टरिंगमध्ये नाही. मिक्सवाल्या भाऊंना फोन करायचा: 'खंजिरीच्या ट्रॅकवरच तिची टोकं थोडी सॉफ्ट क्लिप करा, दीड डीबी खाली घ्या, आणि पुन्हा पाठवा.' नवीन मिक्स आला की लिमिटरला दोन-तीन डीबीचंच काम उरतं. मिक्स परत पाठवायला लाजू नका. त्या भाऊंचं नाव गायकासमोर काढू नका, एवढं पुरे.

काही लावलं की आधी आणि नंतरचं गाणं एकाच पातळीवर आणून तुलना करा. अर्धा डीबी मोठं असलेलं कानाला चांगलंच वाटतं. बटण दाबून फरक बघताना आउटपुट कमी करून दोन्ही सारखे करा. निम्म्या वेळा आपण केलेली 'सुधारणा' पुसून टाकावीशी वाटते, आणि ती पुसायची असते.

आता तो प्रश्न, जो मला प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं: 'ताई, दुसऱ्याच्या गाण्यापेक्षा आपल्या गाण्याचा आवाज काहून कमी वाटून राहिला?' वाद घालू नका, दाखवा. कॉम्प्युटरवर यूट्यूबच्या व्हिडिओवर उजवं बटण दाबून 'स्टॅट्स फॉर नर्ड्‌स' उघडा. तिथे व्हॉल्यूमच्या ओळीत १०० टक्के / ६२ टक्के आणि कंटेंट लाउडनेस ४.२ डीबी असं काही दिसलं, तर यूट्यूबने ते गाणं ४.२ डीबीने खाली ओढलंय. उणे चौदा एलयूएफएसच्या (गाण्याचा एकूण मोठेपणा मोजायचं एकक) वर जितकं जाल तितकं ते खाली आणतं. हळू आवाजाचं गाणं मात्र ते वर उचलत नाही. मग गाणं उणे चौदावरच ठेवायचं का? नाही. माझी नाचाची गाणी उणे नऊच्या आसपास जातात, भजनं उणे तेरा. जिथवर ठोका जिवंत राहतो तिथवर जायचं. ट्रू पीक (टोकाची खरी उंची) उणे एक डीबीच्या वर जाऊ देऊ नका, कारण नंतर फाइल आणखी दाबली जाते तेव्हा टोकं वर येतात.

पण हा सगळा हिशेब मोबाइलसाठी झाला. मिरवणुकीतल्या डीजेच्या गाडीवर कुठलंही यूट्यूब आवाज समान करायला बसलेलं नाही. तिथे दोन गाणी पाठोपाठ लागतात आणि बारीक आवाजाचं पडतं. म्हणून भीमगीत असो की देवीचं गाणं, मी दोन मास्टर देते: एक स्ट्रीमिंगचा, एक डीजेचा. डीजेच्या मास्टरमध्ये १०० हर्ट्झखालचं सगळं मोनो (डावं-उजवं एकसारखं), कारण तिथले सबवूफर बहुतेक मोनोतच चालतात आणि डाव्या-उजव्यात फरक असलेला बास एकमेकाला खाऊन टाकतो. ३० हर्ट्झच्या खाली कापते. ते तिथे जवळजवळ ऐकू येत नाही, अँप्लिफायरची ताकद फुकट जाते. वरचा तीन-चार किलोहर्ट्झचा भाग थोडा मऊ ठेवते, भोंग्यांना तो आधीच खूप असतो. मिरवणुकीत जाऊन आलात तर दुसऱ्या दिवशी ऐकायचं काम घेऊ नका. रोजच्या कामाची पातळी ७८ ते ८० डीबीच्या आसपास ठेवा.

देताना: वितरकासाठी (गाणं स्ट्रीमिंगवर चढवणाऱ्यासाठी) २४ बिट ४४.१ किलोहर्ट्झ वॅव्ह, व्हिडिओ एडिटरसाठी ४८ किलोहर्ट्झ, डीजेसाठी १६ बिट. सोळावर उतरताना डिदर (बिट कमी करताना मिसळायचा अगदी बारीक गोंगाट) एकदाच, अगदी शेवटी. ट्रॅकची कॅराओके आवृत्ती त्याच वेळी मागून घ्या, सहा महिन्यांनी ती लागतेच. आयएसआरसी कोड (प्रत्येक रेकॉर्डिंगची ओळख) बारा अक्षरांचा असतो, बहुतेकदा वितरकच देतो. डीजे मिक्स (गाण्याची बदललेली आवृत्ती) हे वेगळं रेकॉर्डिंग, त्याला कोडही वेगळा.

पैशाचं बोलू. मी गाण्याला १५०० रुपये घेते, डीजेचा मास्टर धरून २०००. निम्मे आधी यूपीआयवर. दोन दुरुस्त्या त्यातच. मिक्स बदलून आला तर ते नवीन काम. ऐकायला एमपीथ्री जाते, वॅव्ह पूर्ण पैसे आल्यावर. ओळखीचा असो की मामेभाऊ. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही, त्यापुढे १८ टक्के धरून दर ठरवा. उद्यम नोंदणी फुकट होते, करून ठेवा.

काम वर्षभर सारखं नसतं. १४ एप्रिलच्या आधी, गणपतीच्या आधी आणि दसऱ्याला दीक्षाभूमीवर जनसागर लोटायच्या आधी सगळ्यांना एकाच आठवड्यात गाणं हवं असतं. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकवाल्यांचं काम. मधले महिने कोरडे. तेव्हा भाडं कुठून द्यायचं ते हंगामातच बाजूला काढा. आणि तारीख भिंतीवर लावा. वितरकाला गाणं निदान आठवडाभर आधी लागतं, म्हणून जयंतीच्या गाण्याचा मिक्स माझ्याकडे २५ मार्चपर्यंत यायला हवा. २६ ला आला तर दर दीडपट, एप्रिल लागल्यावर आला तर फक्त डीजेचा मास्टर मिळेल.