भीती आणि गंमत एकाच भुतात: कोकणातली डार्क परीकथा कशी लिहायची

डार्क फँटसी कादंबरी लिहायला घेतली की बरेच जण एक चॅप्टर भीतीचा, पुढचा गमतीचा असं आळीपाळीने घालतात. तसं नका करू, दोन्ही एकाच पात्रात पाहिजे.

संकासुर बघा ना. वेद चोरणारा राक्षस, शेवटी विष्णूच्या हातून मरतो, पण दशावतारात लोकांना हसवून बेजार करतो तोच, आणि रत्नागिरीकडे शिमग्यात काळे कपडे नि उंच टोपी घालून आला की पोरं त्याला चिडवतात पण आणि तो वळला की किंचाळत पळतात पण. आपल्याला नेमकं हेच पाहिजे.

मग एक भूत निवडा, एकच, चकवा-देवचार-मुंजा सगळी गर्दी नको. समजा खाडीतला गिऱ्हा. लोक सांगतात की त्याचे केस ज्याच्या हाती लागले त्याची तो चाकरी करतो. तर एका पोरीने ते केस तांदळाच्या डब्यात लपवलेत, गिऱ्हा आता पाणी भरतो, नारळ सोलतो, बांगडे साफ करता करता अर्धे खातो आणि आजी ओरडते, "मेल्या, माका एक तरी तुकडो ठेव!" इथे हसू आलंच पाहिजे. पण तो रोज रात्री घरातला एकेक डबा उघडून बघतोय हे मध्येच एका वाक्यात सांगायचं आणि पुढे जायचं, अजिबात रेंगाळायचं नाही. वाचणारा स्वतःच डबे मोजत बसतो.

काळ पावसाळ्याचा घ्या. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, ताजी मासळी कमी, मग गिऱ्ह्याला सुकटीवर भागवावं लागतं आणि तो चिडचिडा होत जातो. गंमत पण तिथूनच, धोका पण तिथूनच.

आणि प्लीज, किंमत खरी ठेवा. डबा सापडल्यावर आजी गेली तर ती गेली, जादूने परत आणलीत की आधीची सगळी भीती फुसकी. रक्ताची वर्णनं मात्र कमीच, तिची रिकामी खुर्ची आणि चुलीवर न उतरवलेली पेज एवढं पुरतं.

ड्राफ्ट झाला की गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा. मध्येच थांबवून "तसा नाय रे तां" म्हणाले तर वाद घालू नका, वही काढा आणि त्यांना बोलू द्या.